मूळपुरुषाचा मागोवा

मालवणच्या किनाऱ्यावर, उत्तरेस देवगडपासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत, कोणत्याही जुन्या गावात जाऊन एखाद्या कुळाच्या उत्पत्तीविषयी वडीलधाऱ्या माणसास विचारले असता बहुधा एकाच घाटाची हकीकत ऐकावयास मिळते, ती अशी की, आमचा मूळपुरुष अमुक देशाहून आला, त्याने रान तोडून अथवा खाडीला बांध घालून येथे पहिले शेत केले, आणि त्याच शेतात सापडलेल्या पाषाणाची, किंवा सोबत आणलेल्या देवाची, त्याने स्थापना केली. आगमन, भूमी आणि दैवत या तीन गोष्टींवाचून मूळपुरुषाची कथा पुरी होत नाही. जिज्ञासू मनुष्याने ही कथा जशीच्या तशी इतिहास म्हणून स्वीकारणे जसे युक्त नाही, तसेच तिला भाकडकथा समजून टाकून देणेही युक्त नाही. कारण जो हक्क कुळाने पिढ्यान्‌पिढ्या उपभोगला, त्याचेच स्मरण या कथेच्या रूपाने टिकून राहिलेले असते, आणि हक्काचा माग काढता येतो.

माझ्या मते कुलसंशोधनाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. आपल्या पूर्वजांविषयी जो काही कागद शिल्लक आहे तो त्यांच्या कौतुकासाठी कोणी लिहून ठेवलेला नाही. वतन, इनाम, पूजेचा मान, जमिनीचे वहिवाट-हक्क, अशा कशावर तरी त्यांचा दावा होता, म्हणून तो लिहिला गेला. ज्याचा दावा होता त्याचे नाव राहिले. ज्याने केवळ राबून शेत पिकवले, होडी वल्हवली किंवा गडाचा चिरा वाहिला, त्याचे नाव त्या कागदात नाही, आणि म्हणून त्याच्या वंशजाने वेगळ्या दाराने आत शिरले पाहिजे. ही दोन्ही दारे कोठे आहेत हे सांगणे हा या प्रकरणाचा हेतू आहे.

वंशावळी आणि हक्क यांचा हा संबंध किती पुरातन आहे हे पाहावयाचे झाल्यास खारेपाटणकडे वळावे. सध्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यात मोडणाऱ्या या गावी दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा जो ताम्रपट मिळाला तो शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. अव्वेश्वराच्या मंदिरासाठी आत्रेय नावाच्या शैव आचार्यास ग्रामदान करताना रट्टराजाने आपली वंशपरंपरा सणफुल्लापासून स्वतःपर्यंत दहा पिढ्यांची सांगितली. इतकेच नव्हे, तर ज्या राष्ट्रकूटांचे मांडलिकत्व त्याच्या पूर्वजांनी केले त्यांचीही नामावळी दिली. सणफुल्लावर कृष्णराजाची कृपा झाली आणि सह्याद्री व समुद्र यांमधील प्रदेश त्यास मिळाला, त्याचा पुत्र धम्मियर याने वलिपत्तन वसवले, ही हकीकत त्यात येते. म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडी असलेल्या मूळपुरुषाच्या कथेतील आगमन, भूमी आणि दैवत ही तिन्ही अंगे सहस्र वर्षांपूर्वीच्या राजशासनातही जागच्या जागी आहेत. राजाने दहा पिढ्या मोजल्या त्या, ज्या भूमीचे दान मी करतो ती देण्याचा अधिकार मला कोठून आला, हे सिद्ध करण्यासाठी. हा ताम्रपट वाचून विद्वानांपुढे प्रथम मांडला तो बाळशास्त्री जांभेकरांनी, आणि ते स्वतः याच मुलखातील, देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे होते. पुढे अशाच ताम्रपटांच्या व शिलालेखांच्या आधारे दख्खनच्या राजवंशांचा कालक्रम लावून १८८४ मध्ये ज्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणातच जन्मले. परंपरेने सांगितलेले नाव आणि लेखाने सिद्ध झालेले नाव यांत भेद करण्याची शिस्त या दोन पुरुषांनी महाराष्ट्रास लावली, आणि राजवंशास जी शिस्त लागू ती सामान्य माणसाच्या कुळासही लागू आहे.

त्या शिस्तीचा पहिला नियम असा की, शोधाचा आरंभ मूळपुरुषापासून न करता स्वतःपासून करावा आणि एकेक पिढी सिद्ध करीत मागे जावे. घरातील साधने प्रथम पाहावीत. भाद्रपदाच्या वद्य पक्षात ज्याला आपल्याकडे म्हाळ म्हणतात त्या महालयाच्या वेळी घरचा पुरोहित जी नावे उच्चारवितो, त्यांत पिता, पितामह, प्रपितामह एवढेच नसतात. माता, मातामह, चुलते, आत्या, बहिणी, सासरे, गुरू अशा आप्तांचाही नामनिर्देश होतो, आणि अनेक उपाध्यायांकडे यजमानांच्या घरची ही यादी वहीत उतरलेली असते. कुळाच्या स्त्रियांची नावे अन्यत्र क्वचितच मिळतात, म्हणून ही यादी अमोल समजावी. ज्या घरांत पुरोहिताची वही नाही तेथेही म्हाळाचे पान कोणाकोणाच्या नावाने वाढले जाते हे घरातील वृद्धेला पक्के ठाऊक असते. जन्मपत्रिकेतही पित्याचे व बहुधा पितामहाचे नाव, शक, संवत्सर आणि जन्मग्राम असते. पत्रिकेचे पिवळे भेंडोळे फलज्योतिषावर विश्वास नसणाऱ्यानेही जपून ठेवावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस गेलेल्या पूर्वजाने स्वहस्ते लिहिलेली नावे सापडतात, आणि त्या वह्या गावांच्या व ज्ञातींच्या अनुक्रमाने विभागलेल्या असल्यामुळे आपले गाव कोणत्या उपाध्यायाकडे आहे एवढे समजले की अर्धे काम झाले.

नावे हाती आल्यावर गणित करावे. एका पिढीस पंचवीस ते तीस वर्षे धरण्याचा प्रघात आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ च्या नोव्हेंबरात झाली, त्यास आज साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली; म्हणून ज्या घराण्याचा मूळपुरुष किल्ल्याच्या बांधकामाच्या वेळी येथे आला असे सांगितले जाते, त्याच्या वंशावळीत बारा ते चौदा पिढ्या दिसल्या पाहिजेत. प्रत्यक्षात सातच नावे असतील, तर एक तर मधली नावे गळाली आहेत किंवा मूळपुरुष अलीकडचा आहे. नावे गळण्यास आपली एक सुंदर चाल कारण होते. नातवास आजोबाचे नाव ठेवावयाचे, यामुळे विठ्ठलाचा रामचंद्र, रामचंद्राचा विठ्ठल, पुन्हा विठ्ठलाचा रामचंद्र अशी माळ तयार होते, आणि सांगणाराच्या स्मरणात दोन रामचंद्र एकरूप होऊन मधल्या दोन पिढ्या नाहीशा होतात. आजो, पणजो आणि खापरपणजो यांच्या पलीकडे बोलीत नात्याला नाव नाही. तेथून पुढे सारेच पूर्वज एका धुक्यात जातात आणि त्या धुक्यात मूळपुरुष उभा असतो.

दत्तकविधानाकडेही लक्ष ठेवावे. सांगलीस १८९८ साली गणेश आत्माराम म्हणून जन्मलेला मुलगा सावंतवाडी संस्थानातील सखाराम खांडेकरांना दत्तक गेला आणि विष्णु सखाराम झाला. १९२० पासून शिरोड्याच्या शाळेत त्यांनी केलेली सेवा आणि त्यांचे लेखन सर्वविश्रुत आहे. थोर साहित्यिकाच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांस माहीत असते, पण सामान्य कुळात दत्तक गेलेला पूर्वज जन्मघराच्या वंशावळीतून लुप्त होतो आणि दत्तकघराच्या वंशावळीत औरस म्हणून उभा राहतो. इनाम टिकविण्यासाठी दत्तक लपविण्याचा मोहही पुष्कळांस झाला. प्रामाणिक वंशावळीत दोन्ही घरे दाखवावीत.

आडनावावरून गाव काढण्याची युक्ती सर्वांस सुचते आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. परुळेकर परुळ्याचे, वालावलकर वालावलचे, नेरूरकर नेरूरचे, आचरेकर आचऱ्याचे, मसुरकर मसुऱ्याचे. परंतु मालवणकर हे नाव मालवणात राहणाऱ्यास कोणी कशाला देईल? ते त्याला मालवण सोडल्यावर, दुसऱ्या गावच्या लोकांनी दिले. तात्पर्य, आडनाव हे शेवटून दुसऱ्या मुक्कामाची खूण आहे, उगमाची असेलच असे नाही. त्यातही एकाच नावाची दोन गावे असली की घोटाळा होतो. शिरोडे वेंगुर्ले तालुक्यात आहे, तसेच गोव्यात फोंडे तालुक्यातही आहे. केरी नावाची गावे तर गोव्यातच अनेक आहेत. तेव्हा शिरोडकर किंवा केरकर मंडळींनी नुसत्या नावावर विसंबून चालणार नाही. आणि कित्येकदा आडनाव एकाच पिढीत बदललेले असते. मास्टर दीनानाथांच्या पित्याचे आडनाव हर्डीकर, पण दीनानाथांनी आपल्या जन्मग्रामावरून मंगेशकर हे नाव धारण केले, आणि आज जगास तेच माहीत आहे.

आडनावाहून कुलदैवताची साक्ष मला अधिक विश्वसनीय वाटते, कारण मनुष्य गाव बदलतो, धंदा बदलतो, नावही बदलतो, पण कुलदैवत सहसा बदलत नाही. गोव्याचे साष्टी व बार्देश हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या कबजात गेले आणि १५६० नंतरच्या दशकात तेथील देवळांचा विध्वंस झाला, तेव्हा भक्तांनी देव उचलून जुवारी नदी ओलांडली आणि त्या वेळी आदिलशाही अंमलाखाली असलेल्या अंत्रूज (फोंडे) महालात त्यांची पुनःस्थापना केली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. याच उलथापालथीत पुष्कळ कुटुंबे उत्तरेस कुडाळ प्रांतात आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांत येऊन स्थिरावली. म्हणून आज मालवणातील एखाद्या सारस्वत घराण्याचा कुलदेव मंगेश असला, तर प्रियोळातील मंगेशी हे त्याचे मूळ गाव नसून ते कुशस्थळीच्या परिसरात शोधावे लागते. देवालयांच्या महाजनांच्या याद्या या कामी उपयोगी पडतात. १९३३ च्या देवस्थान कायद्यान्वये गोव्यात महाजनकीची व्यवस्था बांधली गेली. गोव्याच्या पुराभिलेखागारात गावकारीचे जे दप्तर आहे ते पोर्तुगीज भाषेत असले तरी त्यातील माणसे आपलीच आहेत. पांडुरंग पिसुर्लेंकरांसारख्या विद्वानाने त्या दप्तराची सेवा करण्यात आयुष्य वेचले.

मात्र प्रत्येक सारस्वत कुटुंब धर्मच्छळामुळेच आले असे समजू नये. व्यापार, देशकुळकर्ण, मठाची सेवा, दुष्काळ, भाऊबंदकी, अशी कारणेही तितकीच खरी आहेत, आणि ती कमी तेजस्वी असल्यामुळे वंशजांच्या स्मरणातून लवकर जातात. शिवाय आज जी राज्याची सीमा दिसते ती तेव्हा नव्हती. आज गोव्यात असलेले डिचोली व सत्तरी १७८१ पर्यंत आणि पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांच्या मुलखात होते. पेडण्याहून वेंगुर्ल्यास येऊन राहिलेला पेडणेकर त्या काळी एकाच राज्यातील एका गावातून दुसऱ्या गावात आला होता. देशांतराची गाथा रचण्यापूर्वी त्या वर्षी तो देश कोणाचा होता हे पाहणे अगत्याचे आहे.

हाच प्रश्न दप्तरांच्या बाबतीतही प्रथम विचारावा लागतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सारा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि त्यातही सावंतवाडी संस्थान १९४८ पर्यंत स्वतंत्र होते. मालवण बंदर व सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे किल्ले १८१२ च्या तहापर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते, म्हणून मालवणच्या जुन्या वतनदाराचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात असण्याचा संभव अधिक. मसुऱ्यास भरतगड वाडीच्या सावंतांनी बांधला, तर खाडीपलीकडे त्याला शह म्हणून भगवंतगड कोल्हापूरच्या बावडेकर पंतांनी उभारला. म्हणजे एका खाडीच्या दोन तीरांवरील दोन भावांचे कागद दोन राज्यांच्या दप्तरांत विभागलेले असू शकतात. पेशव्यांच्या अमलातील गावांची माहिती पुण्याच्या पेशवे दप्तरात, इंग्रजी आमदानीची मुंबईच्या पुराभिलेखागारात. आपले गाव कोणत्या वर्षी कोणत्या सरकारात होते याचा एक तक्ता करून मगच दप्तराचे रुमाल मागवावेत. सावंतवाडीच्या बाबतीत पिंगुळकरांचा संस्थानचा इतिहास आणि १८८० चे रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटियर हे दोन ग्रंथ हाताशी ठेवावेत.

या दप्तरांतील कागदांत सर्वांत रसाळ आणि सर्वांत सावधपणे वाचावयाचा कागद म्हणजे करीना. वतनाबद्दल तंटा पडला की वादी व प्रतिवादी आपापल्या कुळाची हकीकत मूळपुरुषापासून लिहून देत. मूळपुरुष कोठून आला, त्यास वतन कोणी दिले, पुढे पुत्र किती झाले, वाटण्या कशा झाल्या, कोण निपुत्रिक वारला, कोण परागंदा झाला, कोणी कोणाच्या गैरहजेरीत वतनात शिरकाव केला, हे सारे त्यात तपशीलवार येते. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या सामान्य गृहस्थाच्या तोंडची भाषा त्यात जिवंत राहिलेली आहे. वंशजास आपल्या घराचा करीना सापडणे याहून मोठा लाभ मला दिसत नाही. पण ती एका पक्षाची फिर्याद आहे हे क्षणभरही विसरू नये. विरुद्ध पक्षाचा करीना मिळविल्याशिवाय आणि शेवटी गोतसभेने केलेला महजर अथवा निवाडपत्र पाहिल्याशिवाय त्यातील एकही नाव वंशावळीत पक्क्या शाईने लिहू नये. महजराच्या शेवटी साक्षीदारांची नावे व निशाण्या असतात; शेतकऱ्याचा नांगर, सुताराची पटाशी अशा त्या निशाण्या पाहिल्या म्हणजे, ज्या घरांना स्वतःचे वतनपत्र नाही त्यांचेही पूर्वज त्या सभेस बसले होते हे कळते. म्हणून दुसऱ्याच्या घराचे महजरही वाचावेत.

इंग्रजी अंमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि प्रत्येक इनामदारास आपला हक्क शाबीत करावा लागला, तेव्हा वंशावळींचे दुसरे मोठे पीक आले. इनाम पुढे चालविणे न चालविणे हे वंशपरंपरेवर अवलंबून असल्याने कैफियतींसोबत वंशवृक्ष जोडले गेले. ते आजही उपयोगी आहेत, परंतु त्या वेळी जुने कागद नव्याने तयार करण्याचेही प्रकार झाले, म्हणून कागदाचा जुना रंग पाहून भुलू नये. अक्षराचे वळण, मायना, शिक्का आणि मितीचा मेळ पाहावा.

मितीचा मेळ घालण्यास थोडा अभ्यास लागतो, पण तो कठीण नाही. शकात ७८ मिळवले की, चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेचे इसवी सन मिळते, पुढच्या महिन्यांस ७९ मिळवावेत. राज्याभिषेक शक इसवी सन १६७४ पासून मोजला जातो. सुहूर सन मात्र अरबी अंकनामांनी लिहिलेला असतो आणि नवख्यास त्याचीच भीती वाटते. ‘अर्बा अशर मया व अलफ’ म्हणजे चार, दहा, शंभर आणि हजार, एकूण १११४. त्यात मे-जूनमधील मृगारंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवले की १७१३-१४ हे वर्ष निघते. हे कागद मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत. तरीही नित्य वाचन ठेवल्यास काही महिन्यांत आपल्या गावचे नाव आणि आपल्या कुळाचे नाव डोळ्यांस ओळखता येऊ लागते. कुलसंशोधन करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने मोडी स्वतः शिकावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण दुसऱ्याकडून वाचून घेणारा मनुष्य जेवढे विचारतो तेवढेच त्याला कळते, आणि कागदात त्याहून पुष्कळ अधिक असते.

आता दुसऱ्या दाराकडे येऊ. या किनाऱ्यावरील बहुसंख्य लोक वतनदार नव्हते. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात काही गावे खोतीची, काही सरकारास थेट सारा भरणाऱ्या धारेकऱ्यांची आणि जेथे दोहोंची सरमिसळ होती त्यांस खिचडी गावे म्हणत. खोताच्या खाली दुपटकरी, दिडीवाले, अर्धेली अशी कुळांची उतरंड होती. अर्धेलीने अर्धे पीक द्यावयाचे. १८८० च्या खोती कायद्यानंतर बोटखत नावाच्या दप्तरात या कुळांची व त्यांच्या देण्याची नोंद झाली, आणि माझ्या समजुतीने कित्येक कुणबी, भंडारी व मराठा कुळांच्या बाबतीत कागदावर उमटलेले पहिले नाव याच बोटखतात सापडते. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीस आरंभ झाल्यावर फेरफारांची मालिका सुरू होते. वारसाच्या प्रत्येक फेरफारात मयताचे नाव, मृत्यूचा काळ आणि मुलामुलींची व विधवेची नावे येतात. आजच्या सात-बाऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून मागे मागे गेल्यास शंभर-सव्वाशे वर्षांचा पट्टा निर्वेध हाती येतो. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन या दोन टप्प्यांवर कुळाचा मालक झाला, तेव्हाच्या चौकशीच्या जबान्यांतही आजोबा-पणजोबांची वहिवाट नोंदलेली असते. महारवतनाच्या जमिनी इनाम वर्ग सहा-ब खाली लिहिल्या जात, आणि ती वतने १९५८ च्या कायद्याने बरखास्त झाली त्या वेळच्या कागदांत प्रत्येक वतनदार घराच्या तक्षिमा दाखविल्या आहेत. मुंबई इलाख्याच्या पायदळात शिपाईगिरी केलेल्या कोकणातील महार व मराठा कुटुंबांस पलटणीचे निवृत्तिवेतनाचे कागद हे आणखी एक साधन आहे.

ज्यांना जमीनच नव्हती त्यांच्यासाठी गाव नमुना चौदा, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात, ते पाहावे. गावात जन्मलेल्या व मेलेल्यांची नोंद त्यात पित्याच्या नावासह व जातीसह होत असे. ही बुके तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात, जुनी बहुधा मोडीत. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारखेवर मात्र फार भिस्त ठेवू नये. नाव घालावयास आलेल्या वडिलांच्या तोंडून मास्तरांनी अदमासाने उतरवलेल्या त्या तारखा आहेत. अलीकडे या दोन्ही दप्तरांकडे लोकांची रीघ लागते ती जातीच्या दाखल्यासाठी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते, म्हणून हजारो घरांत प्रथमच पणजोबाचे नाव शोधले गेले. त्या शोधास कोणी स्वार्थी म्हणू नये. रट्टराजाने दहा पिढ्या सांगितल्या त्याही हक्कासाठीच. फक्त दाखला मिळाल्यावर त्या नकला फेकून न देता जपाव्यात एवढीच प्रार्थना आहे.

ख्रिस्ती कुटुंबांस चर्चची बाप्तिस्म्याची व विवाहाची पुस्तके उपलब्ध आहेत. १५६३ च्या सुमारास त्रेंतच्या धर्मसभेने ही नोंद सर्वत्र आवश्यक केली, त्यामुळे गोव्याहून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण येथे आलेल्या ख्रिस्ती घराचा धागा कित्येकदा हिंदू शेजाऱ्याच्या धाग्याहून लांब जातो. मुसलमान घरांत काझींच्या निकाहाच्या नोंदी पाहाव्यात. गाबीत व इतर दर्यावर्दी समाजांची अडचण सर्वांत मोठी, कारण समुद्रावर सात-बारा नसतो. तेथे कुलस्वामिनी, देवक, विवाहसंबंधांची गावे आणि जत्रेतील मान यांवरच भिस्त ठेवावी लागते; तरीही शिवछत्रपतींच्या आरमारात मायनाक भंडाऱ्यासारखा सरदार होऊन गेला, आणि त्या आरमाराच्या तांडेलांचे व खलाशांचे वंशज याच किनाऱ्यावर राहतात ही गोष्ट विसरता येत नाही.

गोत्राविषयी दोन शब्द सांगून पुढे जातो. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप सांगावे असा प्रघात असल्यामुळे काश्यप गोत्रावरून काहीही अनुमान काढू नये. हल्ली जनुकांच्या परीक्षेने पूर्वजांचे देश सांगणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. पित्याकडून पुत्राकडे जाणारे गुणसूत्र आणि मातेकडून अपत्यांकडे जाणारा अंश यांवरून सहस्रावधी वर्षांपूर्वीच्या स्थलांतरांचा अंदाज होतो. पण पणजोबा चिंदरचा की मसुऱ्याचा, हे त्यावरून समजावयाचे नाही.

गावाची स्वतःची स्मृती कागदाबाहेरही आहे. गावऱ्हाटीत कोणाचे गाऱ्हाणे प्रथम, तरंग कोणी धरावयाचे, होळीचा मान कोणाचा, बारापाचांत कोण बसतो, यांचा क्रम वसाहतीच्या क्रमाशी पुष्कळ अंशी जुळतो. म्हणून मानपानाच्या तंट्यांतील दिवाणी दाव्यांचे कागद हे कुलसंशोधकास करीन्याइतकेच मोलाचे वाटावेत. पण या क्रमावरूनच सारे गाव ओळखू लागलो तर चूक होईल. मालवण तालुक्यातील आचऱ्यास रामेश्वराचा कौल घेऊन काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते, तेव्हा तीन दिवस-तीन रात्री सारे गाव, गुरांढोरांसकट, वेशीबाहेर राहुट्यांत जाऊन राहते. त्यात मानकरी जातो तसे काल येऊन राहिलेले कुळही जाते, हिंदू जातो तसा मुसलमान आणि ख्रिस्तीही जातो. मूळ कोण आणि उपरा कोण हा भेद देवाच्या कौलापुढे तेवढ्यापुरता उरत नाही, आणि गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे की, उपऱ्यांच्या नोंदीवाचून तो इतिहास अपुरा आहे.

येथवर आपण येणाऱ्यांचा विचार केला. पण गेली दीडशे-दोनशे वर्षे हा किनारा माणसे पाठविणारा आहे. इंग्रज आमदानीच्या शिरगणतींत मुंबईत राहणाऱ्या पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या फार मोठी दिसते; गिरणीत, गोदीत, घरकामात शिरलेला हा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला परत येत राहिला, म्हणून त्याचा धागा तुटला नाही. इंग्लंडमधील संशोधकास शंभर वर्षांपूर्वीच्या शिरगणतीतील घरनिहाय तक्ते वाचावयास मिळतात. आपल्याकडे जनगणनेतील व्यक्तिगत माहिती कायद्याने गुप्त आहे, तेव्हा मुंबईकर पूर्वजाचा शोध गिरणीचे हजेरीपत्रक, खोलीची भाडेपावती, ग्रामस्थ मंडळाचे वर्गणीपुस्तक आणि मतदारयादी यांवरच करावा लागतो. गावाच्या मंडळांची ही वर्गणीपुस्तके फार लवकर रद्दीत जातात. ज्यांच्या हाती ती आहेत त्यांनी त्यांची एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.

जे मुंबईच्या धक्क्यावरून आणखी पुढे गेले, त्यांचा धागा मात्र तुटला. मॉरिशस बेटावर १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिया मजूर नेले जाऊ लागले, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या ज्या घाटाच्या पायऱ्यांवर ते उतरले त्या आप्रवासी घाटास २००६ मध्ये जागतिक वारसास्थळांत स्थान मिळाले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या आगमनाची दप्तरे जतन केलेली आहेत. प्रत्येक मनुष्यास क्रमांक, त्याचे व पित्याचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, जिल्हा आणि गाव, आणि पुढील काळातील पुष्कळ नोंदींबरोबर छायाचित्रही. आपल्या गावातल्या गरीब कुळाचे इतके तपशीलवार वर्णन त्या काळच्या गावच्या दप्तरात कोठेही नाही. त्या मजुरांचे वंशज आज चौथ्या-पाचव्या पिढीत आहेत, मराठी सण पाळतात, आणि त्यांपैकी काहीजण हातात त्या नोंदीची नक्कल घेऊन आपले गाव विचारतात. गावाचे नाव परकी कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले असल्यामुळे ते ओळखणे हे पहिले काम. त्यासाठी त्या काळची तालुक्यांची विभागणी आणि मालवणी उच्चार या दोन्हींची माहिती हवी, आणि ती येथील माणसाखेरीज दुसऱ्या कोणाजवळ नाही. दुसरे काम येथील घरांचे. ज्याचा भाऊ समुद्रापार गेला आणि परतला नाही अशा घराच्या वंशावळीत बहुधा त्या भावाच्या नावापुढे निर्वंश असे लिहिलेले असते, किंवा ते नावच गाळलेले असते. वंशावळ नव्याने लिहिणाऱ्याने तेथे निर्वंश हा शब्द खोडून, तो कोणत्या साली, कोणाबरोबर, कोणत्या बंदरातून गेला असे घरात सांगितले जाते, तेवढे लिहावे, आणि ही माहिती ज्याने सांगितली त्याचे नाव व तारीख खाली घालावी.